म्हातारीचा चेंडू

"अजून जिवंत आहे ही?" कर्नलसाहेबांनी दारातल्या कुत्रीकडे बोट दाखवलं. "इंजेक्शन द्यायला तुम्हाला मुहूर्त काढून देऊ का, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणजे छावणीतले जनावरांचे डॉक्टर. त्यांची नजर साहेबांच्या टेबलावर होती. तिथे कागद उडू नयेत म्हणून निकामी केलेल्या सुरुंगाचं कवच ठेवलं होतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला साहेब ते मिरवून दाखवायचे. तो सुरुंग शोधला होता या कुत्रीने आणि उकरून काढला होता तिच्या हवालदाराने. साहेब तेव्हा तंबूत चहा पीत होते.

कुत्रीला सगळी छावणी म्हातारी म्हणायची. सुरुंगाचा वास आला की तिने भुंकायचं नाही, उकरायचं नाही, जागच्या जागी फतकल मारून बसायचं. मग हवालदार खूण करायचा आणि बक्षीस म्हणून तिला रबरी चेंडू द्यायचा. चेंडू मिळाल्याशिवाय म्हातारी उठायची नाही.

गेल्या आठवड्यात रस्त्यावर सुरुंग फुटला. हवालदाराचा पाय गुडघ्याखाली तुटला, म्हातारी थोडक्यात वाचली. ताफ्यात कर्नलसाहेब स्वतः होते. त्यांनी जबाब दिला, की कुत्री थांबलीच नाही, तिचं नाक कामातून गेलंय, तिला मारून टाका. झालं! पाय गेला हवालदाराचा, खापर फुटलं कुत्रीवर आणि जीव घ्यायचा डॉक्टरांनी.

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. परदेशातली ही त्यांची तिसरी नेमणूक. पहिल्या खेपेला खेचरं होती. त्यांनी डोंगरावर तोफांची ओझी वाहिली, आणि तुकडी मायदेशी निघाली तेव्हा विमानात खेचरांना जागा नाही असं कळलं. ती सगळी इंजेक्शनं डॉक्टरांनीच दिली. सुट्टीवर घरी गेले की मेहुणा भर पंगतीत विचारायचा, "काय भावोजी, यंदा किती गुरं बरी केलीत?" डॉक्टर हसून वेळ मारून न्यायचे. खरं उत्तर जेवताना सांगण्यासारखं नव्हतं.

या वेळी मात्र स्ट्रेचरवरून हवालदाराने त्यांचा हात धरला होता. "ती बसली होती, डॉक्टरसाहेब," एवढंच तो बोलला, चेंडू त्यांच्या मुठीत कोंबला आणि बेशुद्ध झाला. अजूनही तो धड शुद्धीवर नव्हता. कर्नलसाहेबांनी ते उडवून लावलं. जखमी माणूस काहीही बरळतो म्हणाले.

आज मुख्यालयातून चौकशीसाठी एक मॅडम आल्या होत्या आणि साहेबांच्या खोलीतच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, कुत्री तपासलीत?"

"तपासली, मॅडम. मरण्यासारखं तिला काहीही झालेलं नाही. नाक तुम्हीच बघा." आणि डॉक्टरांनी साखळी सोडली.

साहेबांच्या खोलीत कुत्र्यांना मज्जाव होता. म्हातारी पहिल्यांदाच त्या गालिच्यावरून चालली. तिने कपाट हुंगलं, मॅडमची बॅग हुंगली. टेबलापाशी आल्यावर मान वर केली, दोनदा नाक फुरफुरवलं आणि साहेबांच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"उठवा तिला!" साहेब ओरडले.

म्हातारी हलली नाही. साहेबांनी टेबलावर हात आपटला, तरी हलली नाही. मग त्यांचा तोल सुटला.

"बघितलंत, मॅडम? हे हिचं नेहमीचं नाटक! त्या दिवशीही अशीच भर रस्त्यात बसली होती. अख्खा ताफा उन्हात खोळंबला. शेवटी मीच हवालदाराला म्हटलं, ओढ तिला आणि चल पुढे..."

साहेब एकदम थांबले. मॅडमनी टेबलावरचं ते कवच उचलून बघितलं, मग कुत्रीकडे बघितलं आणि मग साहेबांकडे.

डॉक्टर म्हातारीपाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खिशातून चेंडू काढला. हवालदाराचं वाळलेलं रक्त त्यांनी त्यावरून पुसलं नव्हतं.

"शाबास, म्हातारे," ते म्हणाले, आणि त्या दिवशीचा राहिलेला चेंडू त्यांनी तिला दिला.