ताईचा आवाज

आमच्यात मयताला पुरुष काठी टेकत, टाहो फोडत येतात आणि लोकरीच्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून गाऊन रडतात. ‘अगं माझ्या बूबूसाराताईऽ!’ म्हणत मी तंबूपाशी पोचलो आणि हातातली काठी गळून पडली. आत ताईच रडत होती. तोच घोगरा सूर, तोच हुंदका. ‘जिवंत आहे! अरे, कबर कुणाची खणताय?’ ओरडत मी घुसलो. ताई पडद्याआड कफनात होती. बिश्केक शहरातून आलेल्या तिच्या दोघी लेकी भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेल्या, मध्ये मोबाइल. ‘ओरडू नका, मामा,’ थोरली कुजबुजली. ‘आम्हाला कुठं येतंय गाऊन रडायला? बाबा गेले तेव्हाचा आईचा व्हिडिओ लावलाय. नऊ लाख लोकांनी पाहिलाय.’ तेवढ्यात ताईचा हुंदका मध्येच तुटला आणि कुणीतरी खिदळत शाम्पू विकू लागलं. ‘जाहिरात आहे, मामा. पाच सेकंदांत आई परत रडेल.’