चौथा खिळा

कंपनीच्या गाडीने कामगार निवृत्तीला घरून आणून कारखान्याच्या फाटकाशी उतरवलं, तेव्हा सुरक्षा अधिकारी टिळेकर फलकासमोर आकड्यांच्या पाट्या घेऊन उभे होते. 'अपघाताविना ९९९ दिवस.' आज हजार व्हायचे होते. चौथ्या आकड्यासाठी नवा खिळा ठोकून झाला होता आणि बक्षीस द्यायला परदेशातून पाहुणे यायचे होते.

काल दुपारी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये निवृत्तीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. पण जखमी माणूस दुसऱ्या दिवशी हजर असला, की कंपनी तो अपघात धरत नसे. म्हणून त्याला आणलं होतं, दिवसभर नुसतं खुर्चीत बसायला. त्याने डाव्या हाताने कार्ड पंच केलं.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत टिळेकरांनी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र ते मनाशी ठरवून आले होते.

"निवृत्ती, मी आज खरं ते लावणार. नुसतं शून्य." ते म्हणाले.

निवृत्ती घाबरून जवळ आला. "नको हो, टिळेकरसाहेब! मला काढून टाकतील. दोन बोटांच्या माणसाला बाहेर कोण काम देईल? इथं खुर्ची तरी आहे."

टिळेकरांनी तिन्ही नऊ उतरवले. त्यांनी एक लावला, मग दोन शून्यं. शेवटची पाटी मात्र त्यांच्या हातून नव्या खिळ्यावर बसेना.

निवृत्तीने डाव्या हाताने ती धरली आणि नीट अडकवून दिली.

"सरळ आहे ना बघा," तो म्हणाला. "फोटो काढणार आहेत."