आजीचे नवे दात

दुपारच्या शांततेत बेल किणकिणली. "दीदी, पार्सल!" कोलकात्यातल्या डमडमच्या फ्लॅटमध्ये एकदाचा टॅब आला!

त्याचं मॉडेल निवडण्यापायी शर्वरीचं महिनाभर डोकं फिरलं होतं. 'एअर' म्हणे 'प्रो'पेक्षा जड, 'मिनी' म्हणे साध्यापेक्षा महाग! पण तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, आभाला, साताऱ्याच्या आजीची नवी कवळी बघायचीच होती, आणि फोनवर तर आजीचं नुसतं कपाळच दिसायचं. शेवटी शर्वरीने सगळ्यात मोठा टॅब मागवला.

व्हिडिओ कॉल लागला. तेरा इंची पडदा भरून आजीचं कपाळ झळकलं आणि त्याच्यावर गरगरणारा पंखा.

"दिसतेय का गं मी, आभा?"

आभाने आईचा कुर्ता ओढला.


"आई, आजीचे दात कुठल्या मॉडेलमध्ये दिसतात गं?"