दोन डाव्या बाह्या

१९८७ साली आमच्या ह्यांनी, चांगल्या मुरलेल्या शिंप्यानं, धाकट्या दिरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. “वहिनी, दादाला म्हातारचळ लागलाय. मशीन विकू, त्याला वृद्धाश्रमात ठेवू,” दीर म्हणाले. “आधी डॉक्टर,” मी म्हटलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांना हात पुढे ताठ धरायला लावले. तळवे पंखांसारखे फडफडू लागले. “काकू, हा स्मृतिभ्रंश नाही. काकांचं लिव्हर बिघडलंय, म्हणून रक्तातलं विष डोक्यात चढतंय. औषध आहे!” गोड औषधानं पोट साफ होत गेलं, तसतसं डोकंही. पुढच्या तपासणीला ह्यांनी बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे रोखून पाहिलं. “पोरी, कुठल्या गाढवानं शिवला? डावा खांदा उतरलाय!” मी टाळ्याच वाजवल्या. पुढे बाईंचे सगळे कोट ह्यांनीच शिवले. दिरांनी बाही बदलून मागितली, तर हे म्हणाले, “मला म्हातारचळ लागलाय ना? घाल तसाच!”