उकळतं मैदान

"उकळा!" नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला आलेली ती मुलगी शाळेच्या मैदानात ओरडली आणि नववीच्या पोरी खिदळत चहूकडे पांगल्या.

निवृत्तीला आलेल्या भागवतबाई कपाळाला आठ्या घालून पायरीवर बसल्या होत्या. आपल्या जागी कोण येणार, हे त्यांच्याच शब्दावर ठरणार होतं. आणि रसायनशास्त्राच्या तासाला हा कसला धुडगूस?

मग त्यांचं लक्ष ओढण्यांकडे गेलं. तिघीतिघींनी एकमेकींच्या कमरेला ओढण्यांच्या गाठी मारल्या होत्या. मधली ऑक्सिजन, दोन्हीकडच्या हायड्रोजन. एका तिकडीचं दुसरीशी नातं मात्र नुसतं करंगळीत करंगळी अडकवण्यापुरतं. उकळल्यावर करंगळ्या तेवढ्या सुटल्या होत्या. गाठ एकही सुटली नव्हती. "आता निवा!" म्हटल्यावर सगळ्या परत आल्या आणि जी करंगळी हाताशी लागली तिच्यात अडकल्या.

"बाई, म्हणजे वाफसुद्धा पाणीच की!" एक पोरगी धापा टाकत ओरडली.

भागवतबाई चपापल्या. दर वर्षी त्या रेणूच्या आतला आणि रेणूरेणूंमधला, हे दोन्ही बंध फळ्यावर सुबक काढत आणि दर वर्षी पोरी पेपरात लिहीत, पाणी उकळलं की हायड्रोजन वायू निघतो. या मुलीने मात्र तासाभरात ते पोरींच्या अंगात उतरवलं होतं.

त्या उठून मैदानात आल्या. पोरी बाजूला सरकल्या. त्या मुलीचा चेहरा उतरला.

बाईंनी पदर कमरेला खोचला.

"बघत काय राहिलीस? मला दोन हायड्रोजन दे."