उजेडाचा आकडा

लालबागच्या चाळीच्या गच्चीवरून दीपिका रोज सूर्यास्तानंतर आकाशाचा उजेड मोजायची, कॉलेजातल्या संशोधनासाठी. आठवडाभर मात्र तिला दिसायचा त्यापेक्षा जास्त उजेड मीटर दाखवत होता. आज तिने दुसरा मीटर आणला. त्यावरही तोच आकडा.

"राकेश, काळोख झालाय ना रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काळोख कुठला? समोरच्या गच्चीवर पोरं अजून पतंग उडवतायत."

दीपिकाला समोरची गच्चीच दिसत नव्हती. तिच्या आईची दृष्टी गेली, तेव्हाही सुरुवात संध्याकाळीच झाली होती. कठडा घट्ट धरून तिने शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या लेकीला हळूच विचारलं, "मैत्री, किती पतंग आहेत गं?"

मैत्रीने तिचा हात पकडला.

"मम्मी, रात्री पतंग कसे दिसतील?"