मोरपंखी मडगार्ड

“नाही जमलं,” रंगनाथराव म्हणाले. “रस्त्यावरूनसुद्धा ओळखू येतंय.”

बद्रुद्दीननं चार पावलं मागं जाऊन पाहिलं. डावं मडगार्ड मोरपंखी होतं, बाकीची मोटारही मोरपंखीच होती, पण दोघांचं गोत्र काही जुळत नव्हतं.

जन्मभर टांगे रंगवणारा बद्रुद्दीन नाशकात मोटारी दिसू लागल्यापासून त्याही रंगवू लागला होता. रंगनाथराव वकिलांची मोटार दिवाळीच्या सुट्टीत त्र्यंबक रस्त्यावर वडावर आदळली. सोमा लोहारानं महिनाभर ठोकून मडगार्ड सरळ केलं. रंगाचा मात्र हा दुसरा हात फुकट गेला होता.

“तुम्ही दिलेल्या कपड्यावरूनच मिळवला, साहेब,” बद्रुद्दीन म्हणाला. त्यानं पैठणीचा तुकडा मडगार्डावर ठेवला. तुकडा दिसेनासाच झाला. मोटार घेताना चंद्रभागाबाईंनी हट्टानं आपल्या येवल्याच्या पैठणीचाच रंग मागवला होता.

“पैठणीशी जमलाय. मोटारीशी नाही.”

बद्रुद्दीननं कपाळावर हात मारला. “माझंच चुकलं. कपडा पेटीत राहिला, गाडीनं तीन उन्हाळे ऊन खाल्लं. असं करू, सगळी गाडीच नवीन रंगवू. एकदम नवरीसारखी दिसल.”

“नको. नवी दिसली तर ती विचारील. बारा दिवसांनी मिरजेच्या दवाखान्यातून घरी येतेय. क्षयातून उठलीय, धक्का बसता कामा नये म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तिला काही कळता कामा नये, बद्रुद्दीन.”

कोर्टात गरजणारा हा माणूस एका पोच्यापायी बायकोला एवढा भितो! बद्रुद्दीनला हसू आलं. मग त्याला घरची गुलजारबी आठवली आणि त्यानं हसू आवरलं.

दुसऱ्या दिवसापासून कोर्ट सुटलं की रंगनाथराव छपराखालच्या बाकावर येऊन बसत. बद्रुद्दीन पत्र्याच्या तुकड्यांवर रंग लावी, थेंबभर काळा घाली, चिमूटभर पांढरा घाली, तुकडा उन्हात धरी, मोटारीकडं बघी, पुन्हा तुकड्याकडं बघी. नवा रंग जुना करायचा म्हणजे म्हाताऱ्याला तरुण करण्याइतकंच अवघड काम.

रंगनाथराव तेवढ्या वेळात लिहीत बसत. एका मांडीवर जुना कागद, दुसऱ्या मांडीवर कोरा. जुन्याकडं बघायचं, एक शब्द लिहायचा, पुन्हा बघायचं. कधी अर्धं पान लिहून फाडून टाकायचं. बद्रुद्दीनला अक्षरओळख नव्हती. वकिलाला लिहायला एवढा वेळ लागतो, याचं त्याला नवल वाटे.

“कोर्टाचं काम का, साहेब?”

“नाही. मिरजेचं पत्र.”

एकदा पुढच्या सीटखालची धूळ झाडताना त्याला एक फाउंटन पेन सापडलं. रंगनाथरावांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं.

“आमच्या खंडूचं. सुट्टीत आला होता.”

“छोटे साहेब काशीला शिकतात ना? इंजिनिअरिंग?”

“हं. त्याची पत्रं मी माझ्या पाकिटातून हिला पाठवतो. त्या पत्रांवरच तिचा ताप उतरला, असं डॉक्टर म्हणतात.” त्यांनी आपलं पेन खिशात ठेवलं आणि सापडलेल्या पेनात शाई भरली. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पानं न फाडता लिहिली.

नवव्या दिवशी बद्रुद्दीनला रंग गवसला. मडगार्ड रंगवून, वाळवून, त्यानं चाळलेली राख तेलात कालवून चिंधीनं हळूहळू चोळली. झिलई मेली. तीन उन्हाळे जसे काही एका सकाळीत मडगार्डावरून उलटून गेले.

रंगनाथराव मोटारीभोवती दोनदा फिरले. आधी या मडगार्डाकडं, मग त्या मडगार्डाकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“कधी काही झालंच नाही, असं वाटतंय रे,” ते म्हणाले.

बद्रुद्दीनची छाती फुगली. आजवर त्याच्या कामावर कोणी रडलं नव्हतं. “बसा, साहेब. चालवून बघा.”

रंगनाथराव सवयीनं मागचं दार उघडून मागं बसले. “मंगळूला सांग,” ते म्हणाले. बद्रुद्दीनच्या हाताखालचा मंगळू पुढं चालवायला बसला. आदळल्यापासून साहेबांचा धीर गेला असणार, असं बद्रुद्दीनच्या मनात आलं.

ठरल्या दिवशी सकाळी नाशिक रोड स्टेशनाबाहेर मोटार उभी राहिली. चंद्रभागाबाई नवऱ्याचा हात धरून सावकाश आल्या. अंगावर मांस नव्हतं, पण चेहरा शांत होता. गाडीला गर्दी होती का, थंडी वाजली का, रंगनाथराव विचारत राहिले. खंडूला रजा मिळाली नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. बाईंनी मान हलवली.

मंगळूनं दार उघडलं. चंद्रभागाबाई आत बसल्या नाहीत. त्या मोटारीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. एक हात एका मडगार्डावर ठेवला, दुसरा हात दुसऱ्यावर.

“कुठल्या बाजूला आदळली हो?” बाईंनी हळूच विचारलं.

रंगनाथरावांनी डावीकडं बोट केलं.

चंद्रभागाबाईंनी डाव्या मडगार्डावरून तळवा फिरवला, पाठीवरून फिरवावा तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“रंग अगदी जमलाय,” त्या म्हणाल्या. “अक्षर मात्र मी पहिल्याच पत्राला ओळखलं; बाकीचं दवाखान्यात आलेल्या नाशिककरांकडून कळलं. खंडूचं दहावं-तेरावं तरी नीट केलंत ना?”